तीन भोकांचा मोह

शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन भोकं होती आणि तिन्ही मिळून एका आगपेटीखाली झाकली गेली असती. पेनसिल्व्हेनियातले आमचे शेजारी, आयुष्यभर लेथवर काम केलेले गृहस्थ, दुर्बिणीतून ती पाहून खूश झाले. आजोबांकडून आलेली विंचेस्टर रायफल, स्वतः ओतलेल्या शिशाच्या गोळ्या, स्वतः भरलेली काडतुसं. आणखी काय हवं? माझा पेशा आकडेमोडीचा, त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "अजून सात मारा ना, त्याच कागदावर." त्यांनी मारल्या. दहाही भोकं झाकायला माझा अख्खा तळहात लागला. जणू ती मीच पाडली होती, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बंदूक 1894 च्या मॉडेलची, युटातल्या जॉन ब्राउनिंगची रचना. चापाभोवतीची लिव्हर खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, घोडा ताणला जातो आणि नवं काडतूस नळीत सरकतं. सुरुवातीला ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी विकली गेली. नव्या धूरविरहित दारूचा दाब सोसणारी निकेल-पोलादाची नळी यायला आणि तिच्यासोबत .30-30 हे काडतूस यायला 1895 उजाडलं. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी असतात, म्हणजे प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणाऱ्या बुडातल्या टोपीला, टेकलेलं. म्हणून या बंदुकीच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. टोकदार गोळी असेल तर धक्क्यासरशी आतल्या आतच बार उडायचा.

कारखान्याची तांब्याच्या वेष्टणातली 170 ग्रेनची, म्हणजे 11 ग्रॅमची गोळी सेकंदाला 2,200 फुटांच्या आसपास जाते. शेजारी जुन्या बंदुकीची कीव करून वेष्टण नसलेली शिशाची गोळी 1,400 फुटांवर ठेवतात. (भारतात हा उद्योग घरी करायला जाऊ नका. काडतुसं बनवायलाही परवाना लागतो.)

या गोळीतलं शिसं मात्र नुसतं शिसं नसतं. शुद्ध शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. त्यात कथील घातलं की वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरतो, आणि अँटिमनी घातलं की कठीणपणा येतो. हेच तीन धातू छापखान्यातल्या खिळ्यांतही असत. लायनोटाइपच्या, म्हणजे अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूत साधारण 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील. खिळे जुळवून मराठी पुस्तकं छापणाऱ्यांना अक्षराची कड धारदार हवी होती, गोळी ओतणाऱ्याला बुडाची कड. ऑफसेट छपाई आल्यावर छापखान्यांचा हा धातू भंगारात निघाला आणि अमेरिकेत त्यातला बराचसा गोळ्या ओतणाऱ्यांनी उचलला.

साचा थंड असताना ओतलेल्या पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. तवा तापायच्या आधीचं पहिलं घावन जसं फुकट जातं, तसंच. शेजारी त्या न बघताच पुन्हा भांड्यात टाकतात. गोळी साच्यात उलटी असते, बूड वर. वरच्या पोलादी पट्टीच्या भोकातून शिसं ओतायचं, क्षणभर थांबायचं, वरची चमक मावळली की लाकडी ठोकळ्याने पट्टी फिरवायची. पट्टी वरचं जादा शिसं कापून नेते. घाई केली तर शिसं फरपटतं, उशीर केला तर लचका तोडल्यासारखा खड्डा पडतो. दोन्ही दोष बुडालाच येतात.

बुडाचं एवढं कौतुक कशाला, तर त्याचं उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डच्या फ्रँकलिन मॅन यांनी दिलं. पदवी डॉक्टरची, धंदा कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापणाऱ्या यंत्रांचा आणि वेड बंदुकीचं. मला असली माणसं फार आवडतात. कित्येक वर्षांचे प्रयोग त्यांनी 1909 मध्ये छापले. त्यांतला सगळ्यात साधा प्रयोग असा: काही गोळ्यांची नाकं मुद्दाम बिघडवायची, काहींची बुडं, आणि दोन्ही मारून बघायच्या. नाकं बिघडलेल्या बऱ्याच नीट गेल्या. बुडं बिघडलेल्या भरकटल्या. नळीच्या तोंडातून शेवटी बाहेर पडतं ते बूड. त्याच्या कडेचा एक तुकडा उडालेला असेल तर कोंडलेला वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि निघता निघता गोळीला ढुशी देतो.

दुसरी भानगड पोटातली. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर गोळीचा गुरुत्वमध्य आसावरून सरकतो. गोळीला गिरकी मिळावी म्हणून नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या असतात. या नळीतल्या खाचा 12 इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, म्हणजे 1,400 फुटांच्या वेगाला सेकंदाला 1,400 गिरक्या. गुरुत्वमध्य 0.025 मिलिमीटरने बाजूला असला, केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका, तर नळी सोडताच गोफणीतून सुटल्यासारखी गोळी बाजूला जाते. हिशोब सरळ आहे: गोळी एका वेढ्याचं अंतर पुढे जाते तेवढ्यात तो मध्य छोट्या वर्तुळाचा परीघ फिरतो. परिघाला 12 इंचांनी भागा, 100 यार्डांनी गुणा. पावणेपाच सेंटिमीटर! यात वेग कुठेच येत नाही. गोळी जोरात मारली तर गिरक्या वाढतात, पण भरकटायला वेळही तितकाच कमी मिळतो.

आणि मग मापाचा प्रश्न. शेजाऱ्यांनी मऊ शिशाचा एक तुकडा नळीतून ठोकत बाहेर काढला आणि मायक्रोमीटरने मोजला. खाचांच्या तळाशी व्यास 0.308 इंच. गोळी त्याहून इंचाच्या हजाराव्या भागाने जाड हवी. बारीक राहिली तर तापलेला वायू फटीतून पुढे घुसतो, गोळीची बाजू चाटून शिसं नेतो आणि ते नळीत फासतो. ते खरवडत बसायला अख्खी संध्याकाळ जाते. बरेच जण यावर धातू आणखी कठीण करतात, आणि माझ्या मते इथेच चुकतात. मऊ शिसं निदान दाबाने फुगून फट बुजवतं, कठीण गोळी तेही करत नाही. 1853 च्या एनफिल्ड रायफलची सगळी युक्ती याच फुगण्यात होती. गोळी नळीहून बारीक, वरून सहज सरकावी म्हणून; बार उडाला की बूड पसरून खाचांत बसायचं. नळीतली काजळी मऊ राहावी आणि गोळी अडू नये म्हणून काडतुसाच्या कागदाला स्निग्ध लेप असे. तो गाईच्या आणि डुकराच्या चरबीचा असल्याच्या बातमीने 1857 मध्ये काय पेटलं ते आपल्याला ठाऊक आहे. शेजारी मधमाशांच्या मेणाचं मिश्रण वापरतात.

आता तीन भोकांकडे. गोळ्या कुठे पडाव्यात यात नशिबाचा भाग असतोच, आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जातं. बंदूक तीच, काडतुसं तीच, तरी दहा गोळ्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या सरासरी 1.6 पट निघतो. त्यातून तीन-तीनचे पाच कागद मारून सगळ्यात सुंदर तोच भिंतीवर लावायची रीत असेल तर बोलायलाच नको. आमच्या आगपेटीचा तळहात झाला, त्यात बंदुकीचं काही बिघडलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोन ढीग केले. एकात भिंगाखाली बूड धड दिसलेल्या गोळ्या, दुसऱ्यात कड तुटलेल्या किंवा खड्डा पडलेल्या. नाक बघितलंच नाही. मी काडतुसं मिसळून एकेक हातात देत होतो आणि कोणती कुठली ते वहीत लिहीत होतो, त्यांना सांगत नव्हतो. वीस गोळ्यांनंतर वही उघडली. कागदाच्या कडेला गेलेल्या बहुतेक गोळ्या खराब ढिगातल्या निघाल्या. चांगल्या ढिगातलीही एक मात्र पार खालच्या कोपऱ्यात गेली होती. तिच्यात बुडबुडा असावा असं शेजाऱ्यांचं मत. मला वाटतं, त्या वेळी मी शिंकलो होतो.