कामगाराला कोरोना झाला म्हणून मालकाला तुरुंग? एक खुलासा

एप्रिल 2020 मध्ये पसरलेली एक समजूत अजूनही कानावर येते: कामगार पॉझिटिव्ह निघाला की मालक तुरुंगात आणि कारखान्याला तीन महिने टाळं. हे खोटं आहे. लॉकडाऊनचे नियम सांगणाऱ्या 15 एप्रिलच्या केंद्रीय आदेशात असं कलमच नाही, हे केंद्रीय गृह मंत्रालयाने 23 एप्रिल 2020 रोजी राज्यांना लेखी कळवलं होतं.

त्यावरून 'म्हणजे मालकाची काही जबाबदारीच नाही' असं सांगणारेही भेटतात, आणि मला ते जास्त घातक वाटतं. त्याच आदेशाने ताप तपासणं, सॅनिटायझरची सोय आणि कामगारांचा वैद्यकीय विमा मालकावर टाकला होता. दोन पाळ्यांमध्ये तासाभराचं अंतरही ठेवायचं होतं, म्हणजे सुटणारी आणि येणारी माणसं गेटवर, हजेरीच्या रांगेत एकमेकांना खेटणार नाहीत.

शिक्षा आहे ती हयगयीला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 51 नुसार सरकारी निर्देश विनाकारण धुडकावले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, त्यातून जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. गुन्हा कंपनीचा असेल आणि संचालकाची संमती किंवा दुर्लक्ष सिद्ध झालं, तर कलम 58 खाली तोही दोषी ठरतो.