पुन्हा तपासल्याने शंका जाते का?

‘कुलूप लावलं का, अशी शंका आली तर आणखी एकदा ओढून बघा, मन शांत होईल,’ हा सल्ला ओसीडी (नको ते विचार सतत येऊन तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटणारा मानसिक आजार) असलेल्यांना वर्षानुवर्षं मिळतो. देणाऱ्याची माया खरी असते. क्षणभर बरंही वाटतं. पण त्या सुटकेतूनच मेंदू शिकतो, की तपासलं म्हणून वाचलो. मग पुढची शंका लवकर येते. शिवाय वारंवार तपासल्याने स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उलट कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

1960च्या दशकापासूनची उपचारपद्धती म्हणते: शंका येऊ द्या, कुलपाकडे परतू नका. सुरुवात थेरपिस्टसोबत, सोप्या पायरीपासून. याचा उपयोग होतो का हे बघायचं असेल तर अस्वस्थतेला 10 पैकी गुण द्या, दर 5 मिनिटांनी लिहा. आकडा बहुतेकदा आपोआप उतरतो. नाही उतरला, तरी अस्वस्थता सोसता येते हे कळतं. उपचारानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांनाही हेच लागू.