हरितगृहासाठी लहान स्वतंत्र सौर वीजसंच : क्षमता ठरवणे (सातारा-सांगली)

पॉलिहाऊसमधील ठिबक, फॉगर (हवा गार ठेवण्यासाठी पाण्याचे धुके उडवणारी तोंडे), दिवे आणि टायमर महावितरणच्या तारेऐवजी सौर पॅनेल व बॅटरीवर चालवायचे असतील, तर किती वॅटची पॅनेल, केवढी बॅटरी आणि केवढा इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसी विजेची पंपाला लागणारी एसी वीज करणारे यंत्र) लागेल याचा आधी मांडलेला हिशेब म्हणजे संचाची क्षमता ठरवणे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा हिशेब एका साच्यात बसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत या दुष्काळी तालुक्यांत जेमतेम ५०० मिलिमीटर. एकीकडे आषाढ-श्रावणात आठवडाआठवडा सूर्य दिसत नाही. दुसरीकडे त्याच दिवसांत ढग असले तरी बरे ऊन पडते. शेजारच्या तालुक्यात चालणारा संच पाहून तसाच बसवणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज बहुधा आठ तास आणि पाळीने मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ऊस किंवा ज्वारी त्यात भागवून घेते. पॉलिहाऊसमधील ढोबळी मिरची किंवा जरबेरा मात्र भर उन्हात दुपारी दोनला पाणी मागतो, आणि रात्रीच्या पाळीत ते देऊन उपयोग नसतो. विहिरीवरच्या पंपासाठी केंद्राची पीएम-कुसुम (२०१९) आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आहे. त्यांतून ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप मिळतात. पॅनेल थेट पंप चालवते, बॅटरी नसते. पाणी त्या पंपाने शेततळ्यात किंवा टाकीत आले की त्यापुढचे काम या नोंदीचा विषय आहे. विहिरीतून पाणी उपसण्याचा भार या लहान संचावर टाकू नये. तो टाकला की संच लहान राहतच नाही.

भार : हिशेबाची सुरुवात पॅनेलपासून नव्हे, कामांपासून करावी. उदाहरणासाठी खटाव तालुक्यातील दहा गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे १००० चौरस मीटरचे, वर व बाजूने वारा खेळणारे पॉलिहाऊस घेऊ. त्यात ढोबळी मिरची आहे. कडक उन्हाळ्यात तिला चौरस मीटरमागे दिवसाला चार लिटरपर्यंत पाणी लागते, म्हणजे ४००० लिटर. ठिबकचे दोन भाग पाडून व्हॉल्व्हने आळीपाळीने चालवले तर १ एचपीचा पंप तासाभरात हे पाणी देतो. पंपाच्या पाटीवर १ एचपी, म्हणजे ७४६ वॅट, लिहिलेले असते. पण ते मोटरच्या दांड्यावर मिळणारे बळ असते. तारेतून ती मोटर सुमारे १००० वॅट ओढते, आणि हिशेबात हाच आकडा धरायचा. तेव्हा ठिबकचे झाले एक युनिट (१००० वॅट तासभर). फॉगरला (दर चौरस सेंटिमीटरला) चार किलोच्या आसपास दाब लागतो. एक मिनिट चालू, काही मिनिटे बंद अशा टायमरवर दुपारभरात त्याचा पंपही मिळून तासभर चालतो, म्हणजे आणखी एक युनिट. टायमर, तापमान-आर्द्रतेचे सेन्सर आणि व्हॉल्व्ह यांचे १५ वॅट चोवीस तास चालून ०.३६ युनिट, कॅमेरा व राउटरचे ०.२४, नऊ वॅटचे सहा दिवे चार तास लावले तर ०.२२.

शिवाय एक भार बहुतेकांच्या यादीत नसतोच. इन्व्हर्टर काहीही चालवत नसला तरी स्वतःच २०-३० वॅट खातो. तो दिवसरात्र चालू ठेवला तर रोजचे ०.६ युनिट तिथेच जाते, म्हणजे सगळे दिवे आणि कॅमेरा मिळून जेवढे खातात त्याहून जास्त. उन्हाळ्यातला एकूण भार असा सुमारे ३.४ युनिट होतो. पावसाळ्यात फॉगर बंद असतो, ठिबक निम्म्यावर येते, आणि भार १.९ युनिटवर उतरतो.

ऊन : सौर हिशेबात ‘उन्हाचे तास’ म्हणजे सूर्य दिसण्याचे तास नव्हेत. दर चौरस मीटरला १००० वॅट एवढे पूर्ण ऊन किती तास पडल्याइतकी ऊर्जा दिवसभरात मिळाली, तो हा आकडा. दोन्ही जिल्ह्यांच्या पठारी भागात वर्षाची सरासरी पाच ते साडेपाच तास येते. एप्रिल-मेमध्ये ती सहाच्या वर जाते, जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास घसरते. खटाव-माणच्या पावसाळ्यासाठी साडेतीन तास धरावेत, महाबळेश्वर-पाचगणीसाठी दोनच्या वर धरू नयेत.

आता पॅनेल. उष्णता, धूळ, तारा, बॅटरीचे भरणे सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतली गळती वजा जाता पाटीवरच्या वॅटपैकी ७० टक्के हाती येतात असे धरू. यातला मोठा वाटा उष्णतेचा आहे. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के तिथेच उडतात. उन्हाळा : ३.४ भागिले (६ गुणिले ०.७), म्हणजे सुमारे ८१० वॅट. पावसाळा : १.९ भागिले (३.५ गुणिले ०.७), म्हणजे सुमारे ७८० वॅट. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी यावीत यामागे कारण आहे. पॉलिहाऊसचा मोठा भार पाण्याचा असतो, आणि पिकाला पाणी ऊनच मागायला लावते. ऊन वाढले की भारही वाढतो, ढग आले की दोन्ही उतरतात. लहान संच परवडतो तो यामुळे. वर्षाचा सरासरी भार घेऊन त्याला सरासरी उन्हाने भागले असते तर सुमारे ७१० वॅट आले असते, आणि तो संच उन्हाळ्यातही कमी पडला असता, पावसाळ्यातही. हिशेब महिन्यागणिक मांडावा, भार आणि ऊन जोडीने घेऊन. इथे ५४० वॅटची दोन पॅनेल बसवली की थोडी शिल्लक राहते. हाच भार महाबळेश्वरला असेल तर तीन लागतील.

बॅटरी : बॅटरीची गरज रात्रीवरून नव्हे, सलग ढगाळ दिवसांवरून ठरते. गच्च ढगातही पॅनेल अगदी शून्य देत नाही. तासाभराच्या पूर्ण उन्हाइतके मिळाले तरी आपल्या दोन पॅनेलमधून पाऊण युनिट येते. रात्री इन्व्हर्टर बंद ठेवून टायमर, कॅमेरा व दिवे थेट २४ व्होल्टच्या डीसीवर चालवले तर पावसाळी भार १.५५ युनिटवर येतो. मग रोजची तूट ०.८, दोन दिवसांची १.६ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले ८० टक्के वापरायचे ठरवले तर दोन युनिटची बॅटरी हवी, आणि बाजारात मिळणारी २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी २.५६ युनिटची असते. भागते. इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवणाऱ्याला याच कामासाठी जवळपास तीन युनिटची घ्यावी लागेल. एका बटणाची किंमत इथे कळते.

शिशाच्या ट्युब्युलर बॅटऱ्या घ्यायच्या असतील तर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन जोडाव्या. त्या ३.६ युनिटच्या दिसतात, पण निम्म्याहून अधिक उतरवल्या की आयुष्य झपाट्याने घटते. हाती येते १.८ युनिट. त्यांना डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि भरताना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला झरोका हवाच. बॅटरी कोणतीही असो, पॉलिहाऊसच्या आत ठेवू नये. तिथला दमटपणा, खतांचे कण आणि भुरीसाठी दिलेली गंधकाची धुरी टर्मिनल खाऊन टाकते. शिवाय २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते. शेजारी विटांची, जाड छपराची पंपखोली ही योग्य जागा.

उंच टाकीत पाणी चढवून ठेवले म्हणजे बॅटरी लागणार नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. पाच मीटर उंचीवरच्या ५००० लिटर पाण्यात साठलेली ऊर्जा ०.०७ युनिट, म्हणजे एक लहान दिवा रात्रभर जळेल एवढीच. ठिबकला साधारण एक किलो दाब, म्हणजे दहा मीटरची उंची लागते. टाकीचा खरा उपयोग पाणी हाताशी ठेवण्याचा, म्हणजे ऊन असेल तेव्हा पंप चालवून काम उरकता येते.

इन्व्हर्टर आणि तारा : सिंगल-फेज मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तीन ते सहा पट प्रवाह ओढते. १००० वॅटच्या पंपाला १००० वॅटचा इन्व्हर्टर जोडला तर पंप घुर्रकन आवाज करून थांबतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. ३ केव्हीएचा, तोही शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. फॉगरचा पंप दिवसातून कितीतरी वेळा चालू-बंद होत असल्याने तिथे हळूहळू वेग घेणारा ब्रशलेस डीसी पंप अधिक चांगला. ठिबक आणि फॉगर एकाच वेळी सुरू होणार नाहीत अशी टायमरची मांडणी केली की इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागत नाही. २४ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे ४२ अँपिअर. त्यासाठी बॅटरी ते इन्व्हर्टर तांब्याची १६ ते २५ चौरस मिलिमीटरची तार लागते, आणि ती जितकी आखूड तितकी बरी. चार्ज कंट्रोलरवर पैसे वाचवू नयेत. ५४० वॅटचे पॅनेल सुमारे ४१ व्होल्ट, १३ अँपिअर देते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो आणि ते ३५० वॅटच्या पॅनेलइतकेच काम करते. एमपीपीटी कंट्रोलर पॅनेलला त्याच्या स्वतःच्या व्होल्टेजवर चालू देऊन हा तोटा टाळतो. डीसी बाजूला डीसीचेच एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारे स्विच) व फ्यूज घालावेत. एप्रिल-मेच्या वळिवात माण आणि जतच्या माळावर विजा पडतात, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (अचानक आलेला विजेचा लोट जमिनीत उतरवणारे साधन) यांना पर्याय नाही.

मांडणी : पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाइतके म्हणजे सुमारे १७ अंश कलते ठेवावे, हा नियम वर्षभराच्या बेरजेसाठी बरोबर आहे. पण साताऱ्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांना शून्य सावलीचे दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतात. नेमक्या ढगाळ महिन्यांत दक्षिणेकडचा जास्त उतार नुकसानीचा ठरतो. ज्याची अडचण पावसाळ्याची आहे त्याने दहा अंश ठेवावेत. त्याहून सपाट ठेवले तर पावसाने धूळ वाहून जात नाही.

पॉलिहाऊसच्या सांगाड्यावर पॅनेल चढवू नयेत. तो तेवढ्या वजनासाठी आणि वाऱ्यासाठी बांधलेला नसतो, आणि पिकावर सावली पडते ती वेगळीच. उत्तरेला जमिनीवर मांडली तर सहा मीटर उंच पॉलिहाऊसची सावली त्यांच्यावर येते, आणि डिसेंबरात सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीहून लांब असते. दक्षिणेला, बुटक्या स्टँडवर आणि तीन-चार मीटर अंतर सोडून मांडणे सर्वांत सोयीचे.

मर्यादा : पंखे आणि ओल्या पॅडचे पॉलिहाऊस या पद्धतीत बसत नाही. दहा गुंठ्यांना दीड एचपीचे सुमारे चार मोठे पंखे लागतात; ते सहा-आठ तास चालले की ३० ते ४० युनिट होतात, म्हणजे आपल्या उदाहरणाच्या दसपट. गंधकाची विजेवरची भांडी, हीटर यांसारखी उष्णतेची साधनेही याच कारणाने बाजूला ठेवावीत.

शेवंतीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. लागणीनंतर तीन-चार आठवडे तिची आधी नुसती वाढ व्हावी म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास चार तास दिवे लावतात. दहा गुंठ्यांना दहा वॅटचे शंभर एलईडी धरले तर हे चार युनिट होतात आणि सगळेच बॅटरीतून जातात. एवढ्यासाठी बॅटरी दुपटीहून मोठी आणि पॅनेलही सव्वा किलोवॅटने वाढवावी लागतात. दिवे सलग न लावता अर्ध्या तासात दहा मिनिटे लावले तरी कळी रोखली जाते आणि खर्च तिसऱ्या हिश्शावर, दीड युनिटच्या आत येतो. शेवंतीवाल्याने मोठ्या बॅटरीची चौकशी करण्याआधी हा टायमर घ्यावा.

देखभालीत पॅनेल धुणे हे मुख्य काम. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूसच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांची आणि पेटवलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. ती धुळीसारखी फडक्याने निघत नाही, उलट पुसताना पसरते. पहाटे काच थंड असताना साध्या पाण्याने व मऊ कुंच्याने धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकू शकते. बोअरचे क्षारयुक्त पाणी वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून पॅनेलसाठी पावसाचे पाणी साठवून ठेवलेले चांगले.