आयोडीनचे दोन थेंब आणि अळंबीची पूड

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी परवा एक डबी आणली. ‘औषधी मशरूम अर्क, पॉलिसॅकराइड 40 टक्के.’ किंमत सांगताना त्यांचाच आवाज खाली आला. मी चिमूटभर पूड पाण्यात उकळली, गार केली आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब सोडले. पाणी निळंकाळं! शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला प्रयोग, म्हणजे स्टार्च. मग मंडईतली धिंगरी अळंबी तशीच उकळून पाहिली. रंग तपकिरीच राहिला. अळंबी स्टार्च नव्हे, ग्लायकोजेन साठवते.

डबीवरचा आकडा खोटा असेलच असं नाही. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब माळ, आणि स्टार्चही पॉलिसॅकराइडच. बुरशीचं जाळं धान्यावर वाढवून धान्यासकट दळलं, किंवा नुसतंच पीठ मिसळलं, तरी टक्के भरतात. यातलं नेमकं काय झालं ते आयोडीन सांगत नाही. हळदीच्या पेठेतल्या माणसांना भेसळ शिकवायला नको, पण इथे कायदेशीर शब्दच भेसळ करतोय.

अळंबीतून आपल्याला हवं असतं बीटा-ग्लुकन. स्टार्च आणि हे, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक मणी ओवण्याच्या पद्धतीत. स्टार्चचा अल्फा बंध आपली लाळसुद्धा तोडते. बुरशीच्या पेशीभित्तीतला बीटा बंध (1-3, आणि फांद्यांपाशी 1-6) तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाहीच. अशी माळ आपलं शरीर बनवतही नाही, म्हणून ते या माळेवरून बुरशी ओळखतं. पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. तो बीटा-ग्लुकन पकडतो, हे 2001 साली कळलं.

आता खरी गंमत. पाण्यात विरघळलेली माळ डेक्टिन-1 ला चिकटते, पण पेशी ढिम्म. तीच माळ कणावर असली की पेशी खवळते. का? पेशीच्या पडद्यावर सीडी45 आणि सीडी148 ही विकरं असतात. त्यांचं काम डस्टरचं: डेक्टिन-1 ने आत फॉस्फेटचा निरोप लिहिला की लगेच पुसायचा. कण मोठा असेल तर पेशी त्याला घट्ट बिलगते, तिथे डेक्टिन-1 ची गर्दी होते आणि डस्टर त्या वर्तुळाबाहेर ढकलले जातात. निरोप टिकतो, पुढे सिक काइनेज हे निरोप पुढे नेणारं विकर जागं होतं, पेशी कण गिळते. हे 2011 मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा ‘अर्क म्हणजे जास्त असरदार’ हे गणित इतकं सरळ नाही.

व्हॉट्सॲपवर ‘जपानमध्ये मशरूमने कॅन्सर बरा होतो’ फिरतं. शिताके अळंबीतल्या लेंटिनानला जपानने 1985 मध्ये मान्यता दिली हे खरं. पण जठराच्या कर्करोगात, केमोथेरपीच्या जोडीला, इंजेक्शनने. चहात चमचाभर पूड घालून नव्हे. मिरजेतले उपचार थांबवून असली पूड घेणाऱ्यांची मला भीती वाटते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. डेक्टिनपाशी त्यांचं लक्ष उडालं होतं, हे दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, “मग या डबीचं करू काय?”

“स्टार्च आहे, रस्सा दाट होईल,” मी म्हटलं.