लिअरच्या मुली अशा का वागल्या?

शेक्सपिअरच्या नाटकाला आजच्या कुणी हात लावला, की मूळ संहितेची मोडतोड केल्याची ओरड होते. ‘किंग लिअर’पुरती तरी ही ओरड चारशे वर्षं उशिराची आहे. म्हातारा राजा गोड बोलणाऱ्या दोन थोरल्या मुलींना राज्य वाटून देतो, सरळ बोलणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला हाकलतो आणि मग थोरल्या त्यालाच घराबाहेर काढतात, ही गोष्ट मुळात शेक्सपिअरचीही नव्हती. लिअर राजावरचं एक निनावी नाटक १६०५ साली छापलं गेलं. त्यात म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं, धाकटी मुलगी जिवंत राहते. शेक्सपिअरने तो गोड शेवट मोडला आणि कॉर्डेलियाला कैदेत फाशी दिली. २६ डिसेंबर १६०६ रोजी पहिल्या जेम्सच्या दरबारात हा प्रयोग झाला.

हा शेवट पुढच्या पिढ्यांना झेपला नाही. १६८१ मध्ये कवी नेहम टेटने नाटक नव्याने लिहिलं: विदूषक काढून टाकला, कॉर्डेलिया आणि सरदारपुत्र एडगर यांचं प्रेम जुळवलं, लिअरला जिवंत ठेवलं. आज टेटची टिंगल होते, पण इंग्लंडची रंगभूमी दीडशे वर्षं त्याच्याच लिअरवर चालली. डॉ. जॉन्सनसारख्या जाणकार समीक्षकाने १७६५ मध्ये लिहून ठेवलंय, की कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपल्याला एवढा धक्का बसला, की शेक्सपिअरच्या संपादनाचं काम येईपर्यंत तो शेवट पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. पुढे इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जला वेडाने ग्रासलं, तेव्हा १८२० पर्यंत हे नाटक लंडनच्या रंगमंचावर आलंच नाही. वेडा राजा दाखवायचा कसा? नट एडमंड कीनने १८२३ मध्ये दुःखान्त शेवट करून पाहिला, तो टिकला नाही. विदूषकासकट शेक्सपिअरची संहिता परत आणली ती नट मॅक्रेडीने, १८३८ मध्ये. विदूषकाचं काम प्रिसिला हॉर्टन या तरुण नटीने केलं.

विसाव्या शतकात भांडणाची जागाच बदलली. शेवट सगळ्यांना मान्य झाला. खटकू लागली ती सुरुवात. बाप इतका आंधळा का, आणि थोरल्या मुली इतक्या कडवट कशाने झाल्या? जपानी दिग्दर्शक कुरोसावाला नेमकं हेच बोचत होतं, की शेक्सपिअरच्या या माणसांना भूतकाळच नाही. ‘रान’ या चित्रपटात (१९८५) त्याने तो दिला; इथे लिअरच्या जागी हिदेतोरा आणि मुलींच्या जागी मुलगे आहेत. हिदेतोरा या सरदाराने ज्यांची घराणी कापून काढली, त्यांच्याच मुली त्याच्या सुना आहेत. त्यांतली काएदे पुरं कुळ बुडवते. मला तर ती लिअरच्या थोरल्या गॉनरिलपेक्षा खरी वाटते, कारण तिचा हिशोब आपल्याला समजतो. इंग्लिश नाटककार एडवर्ड बाँडच्या ‘लिअर’मध्ये (१९७१) राजा शत्रूंच्या भीतीने भिंत बांधतोय आणि कामात ढिलाई झाली म्हणून मजुराला मारतोय. इथली कॉर्डेलिया बंडाची नेता होते आणि सत्ता आल्यावर तीच भिंत पुढे बांधू लागते. जेन स्मायलीने ‘अ थाउजंड एकर्स’ (१९९१) या कादंबरीत अमेरिकेतल्या आयोवातल्या शेतकरी कुटुंबाची कहाणी थोरल्या मुलीच्या तोंडून सांगितली. बापाने केलेले लैंगिक अत्याचार तिथे उघडे पडतात. मग कृतघ्न कोण, हा प्रश्न पार उलटाच होतो.

मराठीत विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ हा अनुवाद केला, पण लिअर घरोघरी पोचवला तो वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने (१९७०). गोवा हिंदू असोसिएशनच्या त्या नाटकात डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर राज्य वाटत नाहीत, रंगभूमीवर कमावलेली पुंजी मुलांना देऊन टाकतात. त्यांच्यापाशी भूतकाळ भरपूर आहे, फक्त तो सगळा भूमिकांचा आहे. आणि परत येऊन सोडवणारी कॉर्डेलिया इथे नाही. मुलगी नलिनी आहे, तिच्या घरी पैसे नाहीसे होतात आणि संशय बापावर येतो. शेवटपर्यंत निष्ठा ठेवणारी आहे ती पत्नी कावेरी, गणपतरावांची ‘सरकार’, आणि ती त्यांच्याआधीच जाते. मुलांची बाजू मात्र शिरवाडकरांनी फारशी ऐकून घेतलेली नाही. ‘अ थाउजंड एकर्स’सारखं, नलिनीच्या तोंडून सांगितलेलं ‘नटसम्राट’ कुणी लिहिलं, तर मला वाचायला आवडेल.