वडिलोपार्जित जमिनीची वाटणी (प्रारंभीचे अमेरिकी प्रजासत्ताक)

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन पिढ्यांत अमेरिकी कुटुंबांनी वारसाहक्काची जमीन आपसांत वाटून घेण्याची रीत. कायद्याने समान हिस्से दिले, पण शेत कोणाकडे राहणार हे बहुधा घरातल्या बोलणीतच ठरे.

वसाहतकाळात व्हर्जिनिया व न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्र नसल्यास सारी जमीन थोरल्या मुलाला मिळे. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला दुप्पट वाटा असे. व्हर्जिनियाने हा ज्येष्ठाधिकार १७८५च्या कायद्याने मोडला. थोरल्याला निदान दुप्पट तरी द्या, अशी तडजोड व्हर्जिनियातले कायदेपंडित एडमंड पेंडलटन यांनी सुचवली होती. थोरला दुप्पट खात असेल किंवा दुप्पट राबत असेल तर तसे करू, असे उत्तर आपण दिल्याचे या कायद्याचा मसुदा करणारे टॉमस जेफरसन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. मात्र मृत्युपत्र केले की हा कायदा बाजूला पडे आणि मुलींच्या वाट्याला बहुधा जमिनीऐवजी गुरे, भांडीकुंडी किंवा रोख रक्कम येई.

न्यू इंग्लंडमधली, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह ईशान्येकडच्या राज्यांतली, शेते लहान. न्यायालयाने नेमलेले पंच, बहुधा शेजारचेच जाणते शेतकरी, जमिनीची किंमत ठरवत. तुकडे पाडून कोणाचेच भागणार नाही असे दिसले तर शेत एका भावाकडे जाई. बाकीच्यांना तो पैसे देई आणि ती भावंडे हक्कसोड लिहून देत. ते पैसे गाठीला बांधून कित्येक धाकटे ओहायोकडे निघाले. तिथली बरीचशी जमीन १७९५च्या ग्रीनव्हिल तहाने मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती. काही बाप जिवंतपणीच शेत मुलाच्या नावे करत आणि बदल्यात वर्षाचे धान्य, सरपण, गाईचा चारा करारात लिहून घेत. म्हातारपण मुलाच्या मायेवर सोडायला ते तयार नव्हते, आणि यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही.

विधवेला स्थावराचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. तो तिला कायमचा विकता येत नसे. पंच तिला घरातली एखादी खोली, तळघराचा भाग, भट्टी वापरण्याचा आणि विहिरीवर जाण्यायेण्याचा हक्क नेमून देत. एकाच चुलीवर सासू-सुनांचे हक्क असे कागदावर आखलेले असत.

दक्षिणेत हाच तिसरा हिस्सा माणसांवरही चाले, आणि या प्रथेची सर्वांत क्रूर बाजू तीच. डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या गुलामांपैकी तिसरा हिस्सा विधवा मार्थाकडे हयातीपुरता आला. तिने पुढे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी लग्न केले. १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरील ३१७ गुलामांपैकी १५३ जण या हिश्शातले होते. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राने स्वतःच्या १२३ जणांच्या सुटकेची तरतूद केली. कस्टिस वारसांच्या मालकीच्या लोकांना मोकळे करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दोन्ही गटांत लग्ने झालेली होती. त्यामुळे १८०१ मध्ये कुठे नवरा सुटला आणि बायको-मुले गुलामच राहिली. मार्था १८०२ मध्ये वारल्यावर ती माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.