दृष्टिपटलातली नीला तुंबते कशी?

डोळ्याची नस ब्लॉक झाली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग हृदयासारखी अँजिओप्लास्टी करता येत नाही का? नाही. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मोठ्या नीलांचा व्याससुद्धा मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाएवढा. शिवाय हृदयविकाराच्या झटक्यात रक्त आणणारी वाहिनी बंद पडते. इथे बहुतेक वेळा बंद पडते ती रक्त परत नेणारी, म्हणजे नीला. मोरी तुंबलेली आणि नळ मात्र चालूच, अशी ती अवस्था.

आता ती तुंबते नेमकी कुठे, हे पाहू. मला यातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. दृष्टिपटलावर धमनी आणि नीला जागोजागी एकमेकींना ओलांडतात, आणि त्या ठिकाणी दोघींभोवती एकच सामाईक आवरण असतं. धमनी बहुधा वर, नीला खाली. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने धमनीची भिंत जाड आणि कडक होते. आवरण तर सैलावत नाही, मग दबते ती पातळ भिंतीची नीला. अरुंद झालेल्या जागी प्रवाहात भोवरे उठतात, आतलं अस्तर दुखावतं आणि गुठळी धरते. म्हणजे नीलेच्या आजाराचं मूळ शेजारच्या धमनीत! शाखा-नीला बंद पडते ती जवळजवळ नेहमी अशाच एखाद्या ओलांडणीवर. मुख्य नीला तुंबते ती दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत, तो डोळ्याबाहेर पडतो तिथल्या चाळणीसारख्या पडद्यापाशी किंवा त्या पडद्याच्या मागे. तिथेही धमनी खेटूनच असते. काचबिंदूमुळे हा धोका वाढतो.

मागे साचलेल्या दाबाने केशवाहिन्या पाझरतात, रक्तस्राव होतो. प्राणवायू कमी पडलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्याने वाहिन्यांच्या भिंती आणखी सैल होतात आणि बारीक वाचण्याची जागा, म्हणजे पीतबिंदू, सुजते. दिसणं एकाएकी धूसर होतं, पण डोळा दुखत नाही की लाल होत नाही. म्हणून अनेक जण चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आठवडे घालवतात. काही जण डोळे गरगर फिरवण्याचे व्यायाम करतात. डोळा फिरवणारे स्नायू बाहेर, गुठळी आत, त्यांचा एकमेकांशी संबंध काय?

डोळ्यात देतात ती इंजेक्शनं व्हीईजीएफला निष्प्रभ करतात. गुठळी ती विरघळवत नाहीत, सूज उतरवतात. औषधाचा असर ओसरला की सूज परतू शकते, म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. दरम्यान काहींच्या दृष्टिपटलावर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्ताला आडवाटेने बाहेर काढतात. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगतात ते उगाच नव्हे. दुसराही डोळा त्याच शरीरात आहे.

मुख्य नीला बंद झाली असेल आणि दृष्टिपटलाचा बराच भाग उपाशी राहिला असेल, तर बुबुळावर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागावर, नव्या, नाजूक वाहिन्या उगवू शकतात. त्यांनी डोळ्याच्या आतल्या द्रवाचा निचरा अडला की दाब झपाट्याने चढतो आणि डोळा दुखू लागतो. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत घडतं, म्हणून त्या काळात डॉक्टर प्रत्येक भेटीत बाहुलीची कड भिंगाखाली न्याहाळतात.